चपलांच्या दुकानाचे संकेतस्थळ: हिशेब ब्राउझरमध्ये करावा की सर्व्हरवर?

पायताण

सर्वांना नमस्कार. महाद्वार रोडजवळ आमचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आहे. आजोबांनी ते सुरू केले, वडील आजही गादीवर बसतात आणि गेल्या काही वर्षांपासून संकेतस्थळाचे काम माझ्याकडे आले आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असले तरी एचटीएमएल आणि थोडे जावास्क्रिप्ट मी गरजेपोटी शिकलो आहे. आता जुने संकेतस्थळ बाजूला ठेवून नवे बांधून घ्यायचे ठरले असून दोन प्रस्ताव हाती आले आहेत. पहिल्या प्रस्तावानुसार सर्व्हरवरून जवळपास कोरे पान आणि जावास्क्रिप्टची एक मोठी फाइल येईल, आणि मालाची यादी, मापांची निवड, टोपली, बिलाची बेरीज असे सर्व काही गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या तयार संचाच्या साहाय्याने घडेल. दुसऱ्या प्रस्तावानुसार पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून प्रत्येक पान सर्व्हरवरच पूर्ण तयार होईल आणि ब्राउझरने ते फक्त दाखवायचे. दोन्ही प्रस्ताव देणारे अनुभवी आहेत, परंतु प्रत्येकाला दुसऱ्याची पद्धत चुकीची वाटते, त्यामुळे त्यांना विचारून माझा निर्णय होत नाही.

मला काळजी वाटण्याचे कारण जुन्या संकेतस्थळावर घडलेली एक घटना आहे. १,८०० रुपयांच्या जोडाची मागणी आली, आमच्या पडद्यावर ‘पैसे जमा’ असा शेरा दिसला आणि आम्ही जोड रवाना केला. आठवड्याने बँकेच्या खात्याशी ताळा घेताना लक्षात आले, की प्रत्यक्षात १८ रुपयेच आले होते. ज्याने ते संकेतस्थळ बांधले होते त्याने नंतर सांगितले, की रक्कम ब्राउझरमध्ये ठरत होती आणि कोणीतरी ती तिथेच बदलली. एका जोडाचे नुकसान सोसता आले, पण हाताने वेणी घालून तो जोड करणाऱ्या कारागिराच्या दोन दिवसांच्या कष्टांकडे पाहिल्यावर वाईट वाटले.

आमच्याकडे सुमारे १४० प्रकार आहेत आणि प्रत्येकाची पाच ते सात मापे. बरीच गिऱ्हाइके व्हॉट्सॲपवर आलेली लिंक उघडून येतात. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत गर्दी असते. पानांवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवे आहे. अशा कामासाठी क्लायंट-साइड स्क्रिप्ट निवडावी की सर्व्हर-साइड, याविषयी जाणकारांनी कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उद्यमनगर

नुकसान कसे झाले ते तुम्ही स्पष्ट लिहिले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. क्लायंट-साइड स्क्रिप्ट गिऱ्हाइकाच्या यंत्रावर चालते. तिथे पोचलेली प्रत्येक ओळ, प्रत्येक आकडा आणि प्रत्येक अट त्याला वाचता येते आणि बदलताही येते. त्यासाठी वेगळे साधन आणावे लागत नाही. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ१२ ही कळ दाबली की डेव्हलपर टूल्स, म्हणजे पानाची आतली रचना पाहण्याची आणि बदलण्याची साधने, उघडतात. ब्राउझर मुळीच न वापरता कर्लसारख्या साधनाने तुमच्या सर्व्हरला थेट विनंती पाठवता येते, आणि त्या वेळी तुमचे जावास्क्रिप्ट चालतच नाही, त्यामुळे त्यात लिहिलेल्या सर्व अटी जणू नव्हत्याच असे होते. स्क्रिप्ट आकाराने लहान करून, नावे बदलून, वाचायला अवघड करून पाठवली तरी यात फरक पडत नाही.

तुमचा प्रश्न वेबच्या सुरुवातीपासूनचा आहे. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवायची छोटी नोंद, तयार केली, ती खरेदीची अर्धवट टोपली कुठे सांभाळायची या अडचणीतून. ज्यांच्यासाठी ते काम चालले होते त्या कंपनीला प्रत्येक पाहुण्याची अपूर्ण खरेदी स्वतःच्या सर्व्हरवर साठवायची नव्हती. पुढच्याच वर्षी दोन्ही बाजूंची आजची प्रमुख साधने जन्माला आली. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचे पहिले रूप उभे केले आणि जूनमध्ये रास्मस लेरडॉर्फ यांनी आपली पीएचपी साधने सर्वांसाठी खुली केली. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड ही ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली आणल्यापासून जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही सर्रास चालते. म्हणून तुमच्या दोन्ही प्रस्तावकांना भाषेचे नाव विचारू नका. एकेक काम पुढे ठेवा आणि ते कोणाच्या यंत्रावर होणार, एवढेच विचारा.

टोपलीचे उदाहरण घेऊ. ब्राउझरने सर्व्हरला तीनच गोष्टी पाठवाव्यात: वस्तूचा क्रमांक, माप आणि नग. किंमत पाठवूच नये, आणि कोणी पाठवली तरी सर्व्हरने ती वाचू नये. सर्व्हर स्वतःच्या डेटाबेसमधून किंमत काढेल, सवलत लागू आहे का ते पाहील, कर आणि पाठवणीचा खर्च मिळवेल आणि पेमेंट गेटवेकडे (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडे) तेवढ्याच रकमेची मागणी नोंदवेल. पैसे भरून झाल्यावर गेटवेकडून जो निरोप येतो त्यावर एक डिजिटल सही असते, आणि ती गुप्त कळीच्या (फक्त सर्व्हर आणि गेटवे यांना ठाऊक असलेल्या संकेताच्या) आधारे सर्व्हरवर पडताळून पाहायची असते. ती कळ कधीही जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये जाता कामा नये. सही जुळली, रक्कम जुळली, तरच ‘पैसे जमा’ हा शेरा. तुमच्या जुन्या संकेतस्थळावर ब्राउझरने ‘झाले’ म्हटले आणि सर्व्हरने त्यावर विश्वास ठेवला, एवढाच दोष होता. त्या वेळी पीएचपी होते की आणखी काही, याचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरी जागा शेवटच्या जोडाची. आठ मापाचा एकच जोड उरला आहे आणि एक गिऱ्हाईक पुण्यातून, दुसरे बेळगावातून एकाच क्षणी ‘घ्या’ हे बटण दाबते. दोघांच्याही ब्राउझरला तो जोड शिल्लक दिसतो आणि दोन्ही ब्राउझर आपापल्या परीने खरे बोलत असतात. निवाडा डेटाबेसजवळच होऊ शकतो. तिथेही आधी साठा वाचायचा आणि मग वेगळ्या आज्ञेने कमी करायचा अशी चूक होते; त्या दोन आज्ञांच्या मधल्या क्षणात दुसरी मागणी शिरते. त्यापेक्षा ‘साठा शून्याहून जास्त असेल तरच एकाने कमी कर’ अशी एकच एसक्यूएल (डेटाबेसशी बोलण्याची भाषा) आज्ञा द्यावी आणि तिने किती ओळी बदलल्या ते पाहावे. एक ओळ बदलली असेल तर जोड मिळाला, शून्य असेल तर संपला. गिऱ्हाइकाने लिहिलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात कधीही जसाच्या तसा जोडू नये, प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवण्याची पद्धत) वापरावे, हेही याच कामात करून घ्या.

छायाचित्र मोठे करून पाहणे, रंग बदलून पाहणे, पत्त्यातील पिनकोड सहा आकडी आहे का ते लगेच सांगणे, बेरजेचा अंदाज दाखवणे ही कामे ब्राउझरमध्ये आनंदाने करावीत. फक्त पिनकोडसारखी तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी. ब्राउझरमधली तपासणी गिऱ्हाइकाचा वेळ वाचवते आणि सर्व्हरवरची तपासणी तुमचा माल वाचवते, त्यामुळे एकीमुळे दुसरी वगळता येत नाही.

बिंदूचौक

उद्यमनगर सरांचे किंमत आणि साठ्याबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्यावरून ‘प्रत्येक पान सर्व्हरवर बनवा’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्याला माझा विरोध आहे. मी स्वतः क्लायंट-साइडचे काम करतो आणि गिऱ्हाईक कुठे कंटाळून निघून जाते ते रोज पाहतो.

गिऱ्हाईक आधी आठ माप निवडते, मग फक्त पुरुषांचे, मग दोन हजारांच्या आतले, मग पुन्हा माप बदलते. प्रत्येक वेळी सर्व्हरकडे जाऊन पूर्ण पान आणायचे झाले तर काय होते ते पाहा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असेल तर कोल्हापूरपासूनचे अंतर तुलनेने नगण्य आहे. पण स्वस्त होस्टिंगच्या नावाखाली सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर अंतर सुमारे १३,००० किलोमीटर होते, म्हणजे सरळ रेषेतला आदर्श मार्ग धरला तरी जाऊन येऊन १३० मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. नवीन जोडणी असेल तर पत्ता शोधणे, जोडणी करणे, सुरक्षित वाहिनी ठरवणे यासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. मोबाइलच्या नेटवर्कचा विलंब त्यात वेगळा मिळतो.

पायताण यांच्याकडे १४० प्रकार आहेत. मापांसह सगळी यादी मजकूर म्हणून आकार कमी करून पाठवली तर ती एखाद्या चांगल्या छायाचित्रापेक्षा लहान भरेल. ती एकदाच पाठवावी आणि गाळणी ब्राउझरमध्ये लावावी. बोट उचलायच्या आत निकाल समोर असतो. हेच प्रकार १४,००० असते तर मी उलट सल्ला दिला असता, कारण तेवढी यादी प्रत्येक फोनवर पाठवणे अयोग्य आहे आणि तिथे डेटाबेसनेच शोधून वीस-वीसचे गट द्यावेत. पान पूर्ण न बदलता मागून थोडी माहिती आणण्याची सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये आली आणि २००५ मध्ये तिला एजॅक्स हे नाव मिळाले. तिचा उपयोग करण्यासाठी सगळे संकेतस्थळ रिॲक्टमध्ये असण्याची गरज नाही, हेही मी मान्य करतो.

पूररेषा

माझा अनुभव दुकानाचा नाही, तरी तो इथे उपयोगी पडेल असे वाटते. पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येकजण पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहत असतो; ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये आम्ही काही मित्रांनी पातळी आणि बंद रस्ते दाखवणारे एक छोटे पान चालवले होते. पहिल्या रूपात पान उघडल्यावर जावास्क्रिप्ट उतरत असे, मग ते दर दहा सेकंदांनी सर्व्हरला पातळी विचारत असे. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले त्या दिवशी इतक्या फोनांनी एकाच वेळी विचारणा सुरू केली, की डेटाबेस गुदमरला आणि पान नेमके गरजेच्या वेळी बंद पडले.

त्या रात्री आम्ही ते बदलले. पातळी सगळ्यांसाठी एकच असते आणि ती तासातून एखादवेळ बदलते, मग प्रत्येकासाठी डेटाबेस उघडायचा कशाला, असा साधा विचार होता. नवा आकडा नोंदवला की सर्व्हरवरची स्क्रिप्ट एकदाच चालायची आणि साधी एचटीएमएल फाइल लिहून ठेवायची. त्यानंतर सर्व्हरला ती फाइल उचलून देण्यापलीकडे काम उरले नाही. लोकांच्या फोनमध्ये चार्जिंग कमी, नेटवर्क क्षीण, अशा स्थितीत काही किलोबाइटचे पान उघडत होते. जावास्क्रिप्ट छायाचित्रासारखे उतरवून थांबत नाही, ते फोनला वाचून चालवावे लागते, आणि जुन्या फोनवर त्याचा भार स्पष्ट जाणवतो.

पायताण, तुमच्या मालाची पानेही बहुतांश सर्वांसाठी सारखीच आहेत. दिवाळीच्या गर्दीसाठी ती आधीच तयार करून ठेवता येतील. आणखी एक गोष्ट: व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर जे छोटे चित्र आणि नाव दिसते, ते पानाच्या मूळ एचटीएमएलमधून घेतले जाते, त्यासाठी तुमचे जावास्क्रिप्ट चालवले जात नाही. पान कोरे पाठवून सगळे ब्राउझरमध्ये भरले तर प्रत्येक चपलेच्या लिंकखाली दुकानाचे तेच एक नाव दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. गूगल जावास्क्रिप्ट चालवून पान वाचते, पण ते काम रांगेत पडते. तुमची गिऱ्हाइके व्हॉट्सॲपवरून येतात असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मालाचे पान सर्व्हरवरून भरलेलेच यावे असे माझे ठाम मत आहे.

गगनबावडा

मी आमच्या गावच्या दूध संस्थेत सचिव आहे आणि संकलनाची नोंद ब्राउझरमधून करते. वरची चर्चा वाचून एक शंका मांडते. ‘हिशेब सर्व्हरनेच करावा’ हे दुकानाला लागू असेल, पण आमच्याकडे पावसाळ्यात नेटवर्क तासन्‌तास नसते. पहाटे शेतकरी किटली घेऊन रांगेत उभा असतो. लिटर, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले इतर घन घटक) मोजल्यावर त्याच्या हातात दराची पावती लगेच द्यावी लागते. सर्व्हर सांगेल तेव्हा पावती देऊ, असे म्हणून चालत नाही.

आधीच्या प्रणालीत प्रत्येक नोंद सर्व्हरवरच होत असे आणि नेटवर्क गेले की आम्ही वहीत लिहून दुपारी पुन्हा भरत असू. आता जी प्रणाली आहे ती दरपत्रक ब्राउझरमध्ये साठवून ठेवते, तिथेच हिशेब करते, पावती छापते आणि नेटवर्क आले की नोंदी पाठवते. आम्हाला याचा मोठा आधार झाला आहे. मग ही पद्धत चुकीची आहे का?

उद्यमनगर

गगनबावडा ताई, ती पद्धत मुळीच चुकीची नाही, आणि माझे आधीचे लिखाण अपुरे होते हे तुमच्या उदाहरणामुळे दिसले. सर्व्हर गाठताच येत नाही तिथे काम ब्राउझरनेच करायला हवे. सर्व्हिस वर्कर (नेटवर्क नसतानाही पान चालते ठेवणारी स्क्रिप्ट) आणि ब्राउझरमधली इंडेक्स्ड डीबी ही साठवण याच कारणासाठी आहेत. मात्र तुमच्या प्रणालीत तीन गोष्टी आहेत का ते पाहून घ्या.

पहिली म्हणजे प्रत्येक नोंदीला ब्राउझरमध्येच एक स्वतंत्र ओळख-क्रमांक मिळायला हवा. नोंद पाठवली, सर्व्हरने ती घेतली, पण ‘मिळाली’ हा निरोप परत येण्याआधी नेटवर्क गेले, तर ब्राउझर ती नोंद पुन्हा पाठवेल. ओळख-क्रमांक तोच असेल आणि डेटाबेसमध्ये तो एकदाच बसू शकत असेल, तर दूध दोनदा मोजले जाणार नाही.

दुसरी गोष्ट दरपत्रकाची. समजा दर मध्यरात्री बदलला आणि तुमच्या फोनवर जुनेच दरपत्रक राहिले. सर्व्हरने नव्या दराने पुन्हा हिशेब केला तर शेतकऱ्याच्या हातातली पावती आणि खात्यातली रक्कम वेगळी होईल, आणि ते त्याच्यावर अन्यायाचे ठरेल. म्हणून नोंदीबरोबर दरपत्रकाचा क्रमांकही जावा. सर्व्हरने त्याच क्रमांकाच्या दरपत्रकाने पडताळणी करावी. जुने दरपत्रक वापरले गेले असेल तर फरकाची वेगळी नोंद करावी, पण दिलेली पावती गुपचूप बदलू नये. इथे सर्व्हर ब्राउझरवर आंधळा विश्वास ठेवत नाही, तरीही संस्थेने शेतकऱ्याला दिलेला शब्द पाळला जातो.

तिसरी, ब्राउझरमधली साठवण कायमची समजू नये. कोणी इतिहास पुसताना ती पुसू शकते, किंवा फोन बिघडू शकतो. नोंदी सर्व्हरवर पोचल्या की नाही ते पडद्यावर ठळक दिसायला हवे आणि संध्याकाळचे संकलन सुरू होण्याआधी सकाळच्या नोंदी गेल्याची खात्री करावी.

अक्षरजुळणी

मी संगणक विषय शिकवते. या चर्चेत एक मुद्दा राहून गेला आहे आणि मराठी संकेतस्थळांना त्याचा त्रास सर्वाधिक होतो: ब्राउझर आणि सर्व्हर एकाच मजकुराकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात.

‘कोल्हापूर’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात: को, ल्हा, पू, र. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर ते ९ सांगते, कारण काना, मात्रा, उकार आणि हलन्त ते वेगवेगळे मोजते. पीएचपीमधील एसटीआरलेन हे साधे फंक्शन २७ सांगते, कारण ते बाइट मोजते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. आता समजा नावासाठी २५ ची मर्यादा ठेवली आहे. ब्राउझर नाव स्वीकारतो, सर्व्हर तेच नाव ‘फार लांब’ म्हणून नाकारतो, आणि गिऱ्हाइकाला आपले काय चुकले ते कळत नाही. पीएचपीमध्ये एमबी-एसटीआरलेन वापरले तर तेही ९ सांगेल आणि दोन्ही बाजू जुळतील.

आकड्यांचे तसेच आहे. मराठी कळफलक लावलेला माणूस पिनकोड ‘४१६००३’ असा देवनागरीत लिहितो. जावास्क्रिप्टमधील नंबर हे फंक्शन त्याला संख्या मानत नाही. पीएचपीमध्ये त्याचे पूर्णांकात रूपांतर केले तर शून्य मिळते, कोणतीही तक्रार न करता. पायथनमध्ये मात्र तेच रूपांतर बरोबर होते. म्हणजे गिऱ्हाइकाने तोच पिनकोड लिहिला, तरी तो कुठे आणि कोणत्या भाषेत तपासला जातो यावर उत्तर बदलते. नग लिहायच्या रकान्यात असे झाले तर मागणी शून्य नगांची होईल. माझा आग्रह असा, की देवनागरी आकडे ब्राउझरमध्येच इंग्रजी आकड्यांत बदलावेत, सर्व्हरवर तेच रूपांतर पुन्हा करावे, आणि माणसाला त्याच्या भाषेत आकडे लिहिल्याबद्दल चूक दाखवू नये.

‘ऱ्ह’ असलेल्या शब्दांत आणखी खोल अडचण आहे. ‘कऱ्हाड’ मधला ‘ऱ’ हा एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण जसेच्या तसे ताडून पाहिले तर ते दोन वेगळे शब्द ठरतात. गिऱ्हाइकाने पत्त्यात एका पद्धतीने लिहिले आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर नोंद सापडत नाही. यावर उपाय म्हणजे मजकूर साठवण्याआधी आणि शोधण्याआधी एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक, एकसारख्या रूपात आणणे. जावास्क्रिप्टमध्ये ती सोय आहे, पीएचपीच्या इंटल या बहुभाषिक कामासाठीच्या विस्तारातही आहे. हे काम सर्व्हरवर करावेच लागते, कारण मजकूर कोणत्या कळफलकावरून येईल यावर आपले नियंत्रण नाही.

बिंदूचौक

अक्षरजुळणी ताई, पिनकोडची अडचण मी स्वतः पाहिली होती, पण आम्ही तेव्हा रकान्याखाली ‘कृपया इंग्रजीत लिहा’ अशी सूचना टाकून मोकळे झालो होतो. ते चुकीचे होते आणि ते मी उद्याच बदलणार आहे.

पूररेषा यांच्या मुद्द्यावर एक भर घालतो. रिॲक्ट हवेच असेल तर पहिले पान सर्व्हरवर भरून पाठवायचे आणि मग ब्राउझरमध्ये त्यात जीव ओतायचा, अशी मधली वाट आहे. २०१६ मध्ये आलेल्या, रिॲक्टवर बांधलेल्या नेक्स्ट जेएसमुळे ती बरीच रूढ झाली. त्यात लिंकचे चित्र नीट दिसते. मात्र तिची किंमत अशी, की तीच माहिती एकदा एचटीएमएल म्हणून आणि पुन्हा जावास्क्रिप्टसाठी पाठवावी लागते, आणि सर्व्हरवर नोड चालते ठेवावे लागते. पीएचपी जवळपास कोणत्याही शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवर) चालते, तसे नोडचे नाही. एका दुकानासाठी ते रोज सांभाळणार कोण, हा प्रश्न पायताण यांनी प्रस्ताव देणाऱ्याला अवश्य विचारावा. माझा पहिला कल रिॲक्टकडे होता, पण तुमच्या १४० प्रकारांसाठी मी आता पीएचपीची पाने आणि त्यांवर शंभर-दोनशे ओळींचे साधे जावास्क्रिप्ट एवढेच सुचवेन.

पायताण

सर्वांचे मनापासून आभार. मधले तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण तुम्ही सांगितलेले प्रत्यक्ष करून पाहत होतो.

वडिलांना हे समजावताना मला दुकानाचेच उदाहरण सुचले. गिऱ्हाईक ओट्यावर बसून दहा जोड पायात घालून पाहते, ते आपण त्याच्यावर सोपवतो. पण पावती गादीवरूनच फाडली जाते. त्यांनी लगेच विचारले, की मग आधीच्या माणसाने पावतीपुस्तक गिऱ्हाइकाच्या हातात का दिले होते. त्यानंतर दोन्ही प्रस्तावकांना मी एकत्र बसवले आणि उद्यमनगर सरांनी सांगितल्याप्रमाणे एकेक काम पुढे ठेवून ‘हे कोणाच्या यंत्रावर’ असे विचारत गेलो. वाद बराचसा तिथेच मिटला. मालाची पाने पीएचपीने तयार होतात, किंमत किंवा छायाचित्र बदलले की त्यांची साधी फाइल नव्याने लिहिली जाते. मापाची आणि किमतीची गाळणी ब्राउझरमध्ये आहे. टोपलीतून क्रमांक, माप आणि नग एवढेच जाते. सर्व्हर मुंबईतला घेतला.

एका ठिकाणी मात्र अडलो होतो. गिऱ्हाइकाने सकाळी टोपली भरली, दुपारी आम्ही किंमत वाढवली आणि त्याने रात्री पैसे भरायला घेतले, तर ब्राउझरमध्ये जुनी बेरीज आणि सर्व्हरवर नवी अशी स्थिती येते. गगनबावडा ताईंच्या दरपत्रकाच्या चर्चेवरून मार्ग सापडला. रक्कम बदलली असेल तर सर्व्हर पैसे घेण्याआधी थांबतो, जुनी आणि नवी किंमत शेजारी-शेजारी दाखवतो आणि गिऱ्हाइकाने होकार दिल्यावरच पुढे जातो. किंमत कमी झाली असेल तर तीही तशीच दाखवतो.

काल रात्री दुकान बंद केल्यावर मी एफ१२ दाबून चाचणी घेतली. पानावरची १,८०० ही किंमत १८ केली आणि मागणी नोंदवली. गेटवेच्या पडद्यावर १,८०० रुपयेच आले. मग विनंतीमध्ये हाताने किंमतीचा रकाना घालून पाठवली, तेव्हाही १,८०० च आले. नग उणे एक लिहून पाहिला, तो सर्व्हरने नाकारला. पिनकोड देवनागरीत लिहिला, तो बिनतक्रार घेतला. शेवटी वडिलांनी स्वतःच्या फोनवरून, मराठी कळफलकाने, कऱ्हाडच्या आत्याचा पत्ता घालून एक जोड मागवला, आणि आज सकाळी बँकेच्या नोंदीशी मी पहिला ताळा घेतला तो जुळला.